अंमळ

फेरीबोटीत गिटार मांडीवर आडवी घेतली
तर शेजारचा म्हणाला, उलटी धरलीय.
म्हटलं, ही अशीच असते.
दिवाडीच्या धक्क्यावर लुसियान कुलासो
छत्री उघडून उभे, ऊन होतं म्हणून.

आम्ही अकराजण, सात दिवस.
बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्या, गाद्या जमिनीवर,
फळ्यावर कुणी न पुसलेला नऊचा पाढा.
पेडण्याच्या केरकर बाई,
कोलकात्याचे दत्तगुप्त, त्यांच्याहून म्हातारी त्यांची गिटार,
म्हापशाचा जॉयविन, बोटात फेणीच्या बाटलीची मान,
आणि मी, शिरोली एमआयडीसीतला टर्नर.
पहिल्या जेवणापासून माझं नाव मेस्त.

माझी कांडी मीच केलेली,
रात्रपाळीत, लेथवर,
एकोणीस मिलिमीटर, फरक दोन शतांशाच्या आत.
कुलासोंनी ती उजेडात धरली,
कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली,
म्हणाले, सुंदर. आता हिला चुकायला शिकव.

दोन दिवस मी रेघेवर थांबत राहिलो,
दोन दिवस ते म्हणत राहिले, अलीकडे.
किती?
अंमळ.
अंमळ म्हणजे किती, सर?
वोगी रांव, म्हणाले. तारेक उलोवंक दी.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी सगळ्यांना
गिटारींसकट रस्त्याकडेच्या पायरीवर बसवलं.
धुकं. कुत्री. मग पदेर आला,
सायकलच्या भोंग्यावर पोंप, पोंप.
येताना त्याचा सूर एक होता,
चढावापलीकडे जाताना जरासा खाली.
आमच्या दारासमोर तो कधी उतरला,
तिथं रेघ नव्हती.
एवढं, म्हणाले कुलासो, आणि पाव मोजून घेतले.

आता बोटांचं सांगतो.
डाव्या हाताची दोन प्रेसनं नेली, सत्त्याण्णवला,
मधलं आणि त्याच्या शेजारचं, दुसऱ्या पेरापासून.
साधी गिटार संपली. ही मात्र चालते,
हिला तार दाबावी लागत नाही,
कांडी नुसती टेकवून न्यायची.
फक्त नियम असा की
उरलेली बोटं कांडीमागून तारेवर ओढत न्यावी,
म्हणजे मागचा भणभणाट थांबतो.
माझी उरलेलीच नाहीत.

कंपनीनं विचारलं होतं, चूक कुणाची.
विम्यानं विचारलं, किती पेरं.
एर्मेलिंदाबाय ताटात हुमण वाढता वाढता थांबली,
दुखता रे?
केन्ना केन्ना, म्हटलं मी, माझ्या मोडक्या कोंकणीत,
थंडीत.
मान हलवून तिनं आणखी एक बांगडा घातला.

शुक्रवारी जॉयविन म्हणाला, मेस्त, माझी बोटं घे.
माझ्या मागं वाकून त्यानं तारांवर हात ठेवला.
कांडी निघाली की त्याचा हात उशिरा निघे,
दोनदा आमचे अंगठे आपटले,
तिसऱ्यांदा फेणीची मान माझ्या मनगटावर.
केरकर बाई हसून हसून बाकावरून घसरल्या.
सोडून दिलं.

शनिवारी संध्याकाळी कपेलासमोर वीस-तीस खुर्च्या,
डासांसाठी नारळाच्या सोडणांचा धूर.
मी कुलासोंची एक संथ चाल वाजवली, पाच मिनिटांची.
सातव्या रेघेशी घाम आला,
कांडी सटकली, अंमळहून बरीच पुढं गेली,
ओढून आणली.
आणि पूर्ण वेळ कांडीच्या मागून
ती दुसरी, बारीक, नको असलेली
भणभण चालूच होती,
मी पुढं गेलो की ती वर चढे,
मी मागं आलो की खाली.

टाळ्या झाल्या, थोड्या.
पुढच्या रांगेतला काठीवाला म्हातारा
दत्तगुप्तांच्या बाजूला वाकून म्हणाला,
हो बरो वाजयता.
पूण फाटल्यान कोण वाजयता?

दत्तगुप्तांना कोंकणी येत नव्हती.
त्यांनी वळून धुराकडे पाहिलं.